फिट्सच्या रुग्णाचा तोल जातो, दोन-दोन दिसतं: आजार वाढलाय की औषध जास्त होतंय?

कुर्ला_फिजिओ
नमस्कार मंडळी. रुग्ण ३४ वर्षांचा, वजन ५२ किलो. फिट दर वेळी उजव्या हातापासून सुरू होते, मग सगळं अंग आखडतं. फिट्सचं औषध फेनिटॉइन रोज ३०० मिग्रॅ होतं, फिट्स वाढल्या म्हणून ४०० केलं. तेव्हापासून दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतो, बाजूला बघताना दोन-दोन दिसतं. शिवाय मागच्या फिटनंतर उजवा हात चार-पाच तास उचलत नव्हता. घरचे म्हणतात, अर्धांगाचा झटका आला. तिन्हीचं मूळ एकच असेल का? तोलाचे व्यायाम देऊ का?

न्यूरो_ओपीडी
ताई, हात वेगळा ठेवा. फिट ज्या भागातून उठते तो मेंदूचा भाग नंतर काही काळ थकलेला राहतो, त्याला टॉडचा लकवा म्हणतात. रॉबर्ट बेंटली टॉड यांनी १८४९ मध्ये त्याचं वर्णन केलं. काही मिनिटांपासून साधारण ३६ तासांपर्यंत राहतो आणि ओसरतो. मात्र पहिल्यांदाच असं झालं, किंवा फिट न येताच हात-तोंड लुळं पडलं, तर ‘टॉडच असेल’ म्हणून घरी थांबू नये. खऱ्या झटक्यात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

तोल आणि दोन-दोन दिसणं याचा संशय मात्र थेट फेनिटॉइनवर. यकृतातलं एन्झाइम एका पातळीनंतर पुरं पडत नाही. त्यामुळे ३०० चे ४०० केले की रक्तातली पातळी एक तृतीयांशानेच नव्हे, दुपटीनेही वाढू शकते. उपयोगी पातळी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली. २० च्या वर बाजूला बघताना बुबुळं थरथरतात, ३० च्या वर तोल जातो, ४० च्या वर गुंगी आणि बडबड. फार चढलं तर फिट्सच वाढतात, आणि घरचे नेमकी तेव्हाच आणखी एक गोळी देतात. सकाळच्या गोळीआधी तपासणीला रक्त द्या, सोबत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) मोजून घ्या. औषध आपल्या मनाने बंद मुळीच करू नका. अचानक थांबवलं तर न थांबणारी फिट येऊ शकते, ती जिवावर बेतते.

दादर_फार्मसी
बाकी कोणती औषधं चालू आहेत? आयसोनियाझिड (क्षयाचं) आणि फ्लुकोनॅझोल (बुरशीचं) रक्तातलं फेनिटॉइन वाढवतात, रिफाम्पिसिन (हेही क्षयाचं) घटवतं. क्षयाच्या औषधांत पहिलं आणि शेवटचं एकत्र असतं, म्हणून अंदाज न बांधता पातळी मोजावी, आणि रिफाम्पिसिन बंद होईल तेव्हा पुन्हा मोजावी. गोळीवरून पातळ औषधावर नेलं असेल तर तेही सांगा: गोळीतल्या फेनिटॉइन सोडियमच्या १०० मिग्रॅमध्ये मूळ फेनिटॉइन ९२ मिग्रॅच असतं, पातळ औषधात मात्र मूळ फेनिटॉइनच असतं. बाटली नीट हलवली नाही तर तळाचे डोस भलते जड होतात.

कुर्ला_फिजिओ
गोळ्याच आहेत. क्षयाच्या औषधाचा तिसरा महिना. रिपोर्ट आला: फेनिटॉइन १९, अल्ब्युमिन २.६. लॅबने ‘नॉर्मल’ छापलंय.

न्यूरो_ओपीडी
नॉर्मल नाही. फेनिटॉइनचा सुमारे ९० टक्के भाग अल्ब्युमिनला चिकटलेला असतो, काम करतो तो मोकळा भाग. अल्ब्युमिन कमी असलं की तो वाढतो, पण एकूण आकडा शांत दिसतो. अल्ब्युमिन नॉर्मल असतं तर किती आकडा आला असता, याचा हिशेब असा: २.६ गुणिले ०.२, अधिक ०.१, म्हणजे ०.६२. १९ भागिले ०.६२, सुमारे ३१. तोल याच पातळीला जातो. हा अंदाजच आहे, मोकळं फेनिटॉइन थेट मोजता आलं तर उत्तम. आज-उद्याच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. पुढे ३०० वरून वाढवायचंच झालं तर २५-३० मिग्रॅच्या पायरीने, १०० च्या नाही.

एमआरआय_वाचक
एक गोष्ट राहू नये. क्षय आहे, आणि फिट्स एकाच बाजूने उठतात. उजवा हात चालवणाऱ्या डाव्या मेंदूत क्षयाची गाठ आहे का हे पाहायला कॉन्ट्रास्टसह एमआरआय हवा. औषध बरोबर चालू असतानाही गाठ सुजून आधी मोठी होऊ शकते. वाढत जाणारी डोकेदुखी, सकाळची उलटी किंवा दोन फिट्सच्या मध्येही टिकणारी हाताची कमजोरी दिसली तर ‘टॉड असेल’ किंवा ‘फेनिटॉइन जास्त झालं असेल’ म्हणत थांबू नका. थेट इमर्जन्सीत न्या.

व्यायाम बसून द्या. पातळी उतरेपर्यंत उभ्याने तोलाचा सराव निष्फळ, आणि पडण्याचा धोका. लोकलच्या दारात उभं राहणं आणि एकट्याने प्रवास तूर्त बंद.