बोनी एम आपल्याकडे घराघरांत, मग अमेरिकेत का नाहीत?

जुनी_कॅसेट
वसईत डिसेंबर लागला की आमच्या गल्लीत बोनी एम या डिस्को गटाचं 'मेरीज बॉय चाइल्ड' वाजायला लागतं. यंदा नाताळात अमेरिकेत वाढलेला मावसभाऊ आला होता. माझ्याच वयाचा, पन्नाशीतला. त्याने या गटाचं नावही ऐकलेलं नव्हतं. म्हणाला, "तेवढा दम नसेल त्यांच्यात." ते मला लागलं, म्हणून हा धागा.

१९७८ साली 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. नाताळात पुन्हा पहिला क्रमांक यांचाच. त्याच डिसेंबरात, शीतयुद्ध चालू असताना, मॉस्कोत त्यांचे कार्यक्रम झाले. ('रासपुतिन' हे रशियातल्याच माणसावरचं त्यांचं गाणं मात्र तिथे गायलं गेलं नाही.) अमेरिकेत 'रिव्हर्स' तिसाव्या क्रमांकापर्यंत चढलं. तिथलं त्यांचं सर्वांत मोठं यश तेवढंच.

माझ्या मते अमेरिकेने त्यांना नाकारलेलं नाही. त्यांचं गाणं तिथल्या कानांपर्यंत पोचलंच नाही. तिथला रेडिओ कप्प्याकप्प्यांत वाटलेला. रॉकची स्टेशनं वेगळी, कृष्णवर्णीय श्रोत्यांची वेगळी. जर्मनीत ध्वनिमुद्रित झालेलं, कॅरिबियन मुळांच्या गायिकांनी गायलेलं, बायबलमधल्या स्तोत्रावरचं नाचाचं गाणं कोणत्या कप्प्यात टाकणार? त्यात जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवल्या आणि रेडिओवाल्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली.

मध्यसप्तक
नाही पटलं. शिकागोचा प्रकार १९७९ चा, 'रिव्हर्स' १९७८ चं. त्या वर्षी अमेरिकेत डिस्को ऐन भरात होतं. म्हणजे दार सताड उघडं असताना हे आत गेले नाहीत. आणि जर्मनीचं म्हणाल तर 'सिल्व्हर कन्व्हेन्शन' हा म्युनिकचाच गट. १९७५ मध्ये त्यांचं 'फ्लाय, रॉबिन, फ्लाय' अमेरिकेत पहिलं आलं. डोना समर या गायिकेची गाणीही म्युनिकमध्येच घडली. तेव्हा आडवा आला तो रेडिओ नव्हे. अमेरिकन श्रोत्याला डिस्कोत हवी होती रात्र, घाम, शरीर. बोनी एमचं गाणं म्हणजे शाळेच्या सहलीत बसमध्ये टाळ्या वाजवत म्हणायचं गाणं. मलाही आवडतं, पण त्या श्रोत्याला ते बाळबोध वाटलं, हे मान्य करायला हवं.

जुनी_कॅसेट
डोना समर मूळची बोस्टनची, आणि तिच्यामागे कॅसाब्लांका ही अमेरिकेतलीच रेकॉर्ड कंपनी जीव तोडून उभी होती. बोनी एमसाठी तसं कोण झटलं? आणखी एक बघा. हा गट घडवणारे फ्रँक फारियन. दहा-अकरा वर्षांनी त्यांनीच मिली व्हॅनिली ही जोडी उभी केली आणि १९८९ या एका वर्षात अमेरिकेत तीन गाणी पहिल्या क्रमांकावर नेली. डोकं तेच, पद्धतही तीच: पडद्यावर एक, आवाज दुसऱ्याचा. बोनी एममध्ये बॉबी फॅरेल नाचायचा, पण तबकडीवरचा पुरुषी आवाज फारियन यांचाच. फरक एवढाच की या वेळी अमेरिकेत मोठी कंपनी पाठीशी होती.

मध्यसप्तक
हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. मिली व्हॅनिलीचं 'गर्ल यू नो इट्स ट्रू' हे मुळात एका अमेरिकन गटाचं रॅप वळणाचं गाणं. फारियन यांनी अमेरिकेला अमेरिकेचाच माल विकला.

बर्मिंगहॅमची_माई
तुम्ही दोघंही अमेरिकेचंच कोडं सोडवताय. ब्रिटनमध्ये ही गाणी एवढी का चालली ते आधी बघा. लिझ मिचेल आणि मार्सिया बॅरेट जमैकात जन्मल्या नि इंग्लंडमध्ये वाढल्या. मेझी विल्यम्स माँटसेराटची, वाढली आमच्या बर्मिंगहॅममध्ये. 'रिव्हर्स' हे मुळात जमैकाच्या मेलोडियन्स गटाचं, १९७० चं. त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला 'ब्राउन गर्ल इन द रिंग' होतं, म्हणजे कॅरिबियन मुलांचं फेर धरून खेळायचं गाणं. माझ्या वॉर्डातल्या एक जमैकन सिस्टर ते आजीकडून शिकल्या होत्या, रेडिओवरून नव्हे. १९४८ पासून तिकडून आलेली माणसं ही गाणी सोबत घेऊन आली होती. इथे गाण्याला ओळखणारे कान आधीपासून होते.

तबकडी_७८
माईंचं खरं आहे, पण दूरदर्शन संचाला विसरू नका. स्वीडनचा ॲबा हा गट घ्या. अमेरिकेत त्यांचं एकच गाणं पहिलं आलं, १९७७ मध्ये 'डान्सिंग क्वीन'. ऑस्ट्रेलियात त्याच्या आदल्या वर्षी 'फर्नांडो' चौदा आठवडे पहिलं होतं. तिथे 'काउंटडाउन' नावाचा कार्यक्रम सरकारी वाहिनीवर देशभर दिसायचा आणि त्यात ॲबाच्या चित्रफिती लागायच्या. ब्रिटनमध्ये 'टॉप ऑफ द पॉप्स'चं तेच. एका संध्याकाळी अख्खा देश बॉबीचा नाच बघायचा. अमेरिकेत मात्र शहरोशहरी दौरे करावे लागत, आणि ॲबा तिथे दौऱ्यावर गेले ते एकदाच, १९७९ मध्ये. बोनी एम तर बघायचाच गट. जिथे दिसले तिथे जिंकले.

मध्यसप्तक
मग आपल्याकडे? त्या काळात आपल्यापैकी किती जणांनी त्यांना पडद्यावर पाहिलं होतं? माझ्या मोठ्या भावाने नागपुरात फक्त कॅसेट ऐकली, आणि त्याला 'रासपुतिन' पाठ. ठोक्याचा ठेका, सुटे सुटे शब्द, पुन्हा पुन्हा येणारं धृपद. मराठी माध्यमातल्या पोराला कळलेलं ते पहिलं इंग्रजी गाणं. शेवटी आवडच ठरवते.

जुनी_कॅसेट
कॅसेटचा मुद्दा मान्य, दूरदर्शनवर सगळं लादता येणार नाही. पण तुमच्या भावाच्या हातात कॅसेट आली म्हणून आवड जन्मली ना? आणि 'मा बेकर'चं काय करायचं? गाणं अमेरिकेतल्याच एका टोळीवाल्या बाईवर. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर, अमेरिकेत जेमतेम शंभरात. अमेरिकेला अमेरिकेचाच माल हवा असता तर हे चालायला हवं होतं. मावसभाऊ रविवारी परत जातोय. त्याआधी त्याला हेच ऐकवणार आहे, काही न सांगता. काय म्हणतो ते इथे लिहीन.