विषय: कोल्हापुरात घ्यायची बाजूच्या चाकांची सायकल (बाबांना आवरा!)

न्यू जर्सीहून, माहेर राजारामपुरी

नमस्कार मंडळी,

जूनपासून वर्षभर मुलांना घेऊन कोल्हापुरात राहणार आहे. धाकटी साडेचार वर्षांची. तिची सायकल इथंच कुणाला तरी देऊन तिकडं नवी घ्यावी असं ठरतंय. बाबा रोज फोनवर म्हणतात, "२० इंची घेऊन ठेवतो, वाढत्या अंगाची. चार वर्षं बघायला नको." शाळेचा गणवेश आम्हाला असाच घ्यायचे, चौथीचा शर्ट सातवीत बसायला लागला. शिवाय त्यांना सायकल 'मजबूत' हवी आहे, म्हणजे उचलायला दोन माणसं लागतील अशी. ते दुकानात पोचायच्या आत मला मुद्दे पुरवा.

मंडळातला एक मेकॅनिकलवाला

वय सोड, पाय मोज. लेकीला अनवाणी भिंतीला टेकवून उभी कर, दोन पायांच्या मधे एक पुस्तक आडवं धरून वर सरकव, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लाव. या वयात हे माप १८ इंचांच्या आसपास भरतं. सीट सगळ्यात खाली केल्यावर साधारण तेवढ्याच उंचीवर यायला हवी, म्हणजे बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकतात. २० इंचीची सीट कितीही खाली घेतली तरी पोरगी वर लोंबकळत राहील. १४ किंवा १६ इंची बघा. हा आकडा चाकाचा असतो, फ्रेमचा नव्हे. त्यामुळं दोन १६ इंची सायकलींच्या सीटमध्ये चांगला फरक पडू शकतो. पोरीला सोबत नेल्याशिवाय घ्यायची नाही.

आणि बाबांना सांग, मजबूत आणि जड यात फरक आहे. पोरगी असेल १६ किलोची. लोखंडी १६ इंची सायकल सहज ९-१० किलो भरते. बाबांना ३५-४० किलोची सायकल दिली तर रंकाळ्याला एक चक्कर मारतील का?

कोल्हापूरहून, मुलानं मंडळाच्या या ईमेल यादीत घातलेले एक आजोबा

ताई, वडलांना दुकानात जाऊ दे की. फक्त जाताना हे वाचून जाऊ दे.

नातवाला दोन वर्षांमागं सायकल घेतली. दुकानदारानं बाजूची दोन्ही चाकं जमिनीला घट्ट टेकवून बसवून दिली. मला वाटलं, लई भारी, हलत पण नाही! आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी चर खणून बुजवलेली, तिथं रस्ता बसलाय. मागचं चाक बरोब्बर त्या खोलगटावर आलं आणि बाजूची दोन चाकं दोन काठांवर. मागचं चाक अधांतरी! पोरगं पायडल मारतंय, चाक गरागरा फिरतंय, सायकल जागची हलंना. ते हसण्यावारी गेलं. पुढं उतारावर तसंच झालं. मागचा ब्रेक दाबला, पण चाक जमिनीला टेकलेलंच नाही तर ब्रेक धरणार कशाला? शेजारच्या बांधकामाच्या वाळूत जाऊन थांबलं, म्हणून वाचलं.

उद्यमनगरात एका ओळखीच्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं बघितलं आणि आधी मलाच झापलं. सायकल सरळ उभी धरली की बाजूची चाकं जमिनीपासून अर्धं बोट (बोटाच्या रुंदीनं, लांबीनं नव्हे) वर पाहिजेत. पोरगं थोडं इकडं तिकडं कलतं, तेवढं कलू द्यायचं. कललं की टेकतं.

दुसरं, ती चाकं ज्या पट्टीवर असतात ती मागच्या आसावर नटानं आवळतात. पट्टी पातळ असली तर वाकते, आणि फ्रेमला अडकणारी खाच नसली तर नट कितीही आवळा, धक्क्यानं फिरून वर जाते. पट्टी बसवल्यावर आसाचे आटे, म्हणजे त्यावरचे पेच, नटाच्या बाहेर दिसले पाहिजेत. नट अर्धाच भरला असंल तर ती सायकल घेऊ नका. आठ दिवसांनी पाना घेऊन पुन्हा आवळायचा, कारण नवीन असताना सगळंच सैल होतं. मजबुती बघायची ती इथं. नळी जाड आहे का पातळ, ते नंतर.

भरीव टायरवाली नको. पंक्चर नाही म्हणून गळ्यात मारतात, पण आपल्या रस्त्यावर पोराचे दात वाजतात. ट्यूबवाली घ्या.

टोरांटोहून, सासर कोल्हापूर

आजोबांनी लिहिलं त्यात एक भर. आपल्या इकडच्या छोट्या सायकलींना बहुतेक वेळा पायडल उलटं मारलं की लागणारा ब्रेक असतो. तिकडं मिळतात त्या बहुतेक हातब्रेकच्या. आमचा मुलगा तिथं गेल्यावर पहिल्याच दिवशी थांबायला पायडल उलटं मारत राहिला आणि सायकल आपली पुढं पुढं. घाबरून शेवटी उडी मारली. गुडघ्याचा व्रण अजून आहे. तेव्हा गल्लीत सोडायच्या आधी दोन दिवस अंगणात नुसता हातब्रेक शिकव. आणि दुकानातच तिला ब्रेक दाबायला लाव. बोटं पोचतात का, पोचली तर दाबला जातो का, दोन्ही बघ. आपण दाबून बघण्यात अर्थ नाही.

मेकॅनिकलवाला, पुन्हा

खरं तर बाजूची चाकं लावूच नका. पायडल काढा, सीट खाली घ्या, पायानं ढकलू दे. तोल आधी येतो. बाजूच्या चाकांवर सायकल वळणात कलत नाही, त्यामुळं जोरात वळलं की बाहेरच्या बाजूला पालथी होते.

आजोबा

खरं आहे. पण आजीला ते पटवून देणार कोण? बसवा, आणि महिन्याभरात एकेक काढा. फक्त पावसात गांधी मैदानाचा बेत नको, तिथं तळं होतं.

राजारामपुरीहून, जुलै

मंडळी, १६ इंची आली. ट्यूबवाली, पट्टीला खाच असलेली, अर्धं बोट वर. बाबा आटे मोजत बसले तेव्हा दुकानदारानं त्यांना चहा मागवला. हातब्रेक चार दिवसांत जमला. पाऊस उघडला की गल्लीत, नाहीतर पार्किंगमध्ये.

एकच कटकट झाली. बाजूच्या प्लास्टिकच्या चाकांचा दुपारी एवढा खडखडाट की शेजारच्या काकूंची झोपमोड व्हायची. आजोबांना फोन केला. त्यांनी जुन्या ट्यूबची पट्टी कापून चाकांवर चढवायला सांगितली. आवाज गेला. काल काकू भेटल्या, म्हणाल्या, "अगं, आता पोरगी मागनं कधी येते कळतच नाही, तिला घंटी बसव की!"

उद्या घंटी आणायची.