हिस्टोग्राम टर्मिनलवरून स्केल करायचे की कोडमधूनच?

शेवटचा_बिन
कालच्या धाग्यात एकाने नवख्यांना सल्ला दिला: "नॉर्मलायझेशनची चिंता कोडमध्ये करत बसू नका. रन संपला की योडास्केलचा एक फटका मारा, रूट हवं असेल तर योडा-टू-रूट चालवा, विषय संपला." खाली +१ ची रांग लागली आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. नवख्यांसाठी: योडा आणि रूट ही कणभौतिकीतले हिस्टोग्राम साठवणारी दोन सॉफ्टवेअर, प्रत्येकाचा फाईल फॉरमॅट वेगळा. योडास्केल ही हिस्टोग्राम गुणण्याची कमांड, योडा-टू-रूट ही रूपांतराची, आणि रन म्हणजे टक्करींचं सिम्युलेशन.

हिस्टोग्रामला कशाने गुणलं हा विश्लेषणाचाच भाग आहे. क्रॉस-सेक्शन (प्रक्रिया घडण्याच्या शक्यतेचं माप) भागिले इव्हेंटच्या वजनांची बेरीज, हे रिव्हेट या विश्लेषण-सॉफ्टवेअरच्या फायनलाइझमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्याच्या कोडमध्ये, लिहिलं की गिटमध्ये (कोडच्या बदलांच्या नोंदीत) राहतं आणि पुढच्याला वाचता येतं. टर्मिनलवर मारलेली कमांड कुठे राहते? शिवाय योडास्केलमध्ये आकड्याला एक्स जोडला तर तितक्या पटीने गुणलं जातं, नाही जोडला तर क्षेत्रफळच तितकं केलं जातं. ते एक अक्षर गळलं की '१० पट' ऐवजी सगळ्या वितरणांचं क्षेत्रफळ १० होतं. एरर येत नाही, आकारही तोच दिसतो, फक्त क्रॉस-सेक्शन गेलेलं असतं.

आमच्या गटात हे घडलंय. जनरेटरचे (सिम्युलेशन करणाऱ्या प्रोग्रामचे) आकडे पिकोबार्नमध्ये, संदर्भ डेटा त्याच्या हजाराव्या भागाच्या एककात, फेम्टोबार्नमध्ये. एकाने १००० ने गुणलं, तेही इन-प्लेस, म्हणजे मूळ फाईलवरच. दुसऱ्याला पत्ता नव्हता, त्याने परत गुणलं. मग सगळे जनरेटरच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसले.

कमांडवाली
तो सल्ला माझाच होता आणि मी त्यावर ठाम आहे.

अहो, रन आठवडे चालतो. नंतर कळतं की लीडिंग ऑर्डरचं (ढोबळ गणिताचं) क्रॉस-सेक्शन न घेता वरच्या ऑर्डरचं (जास्त अचूक) घ्यायचंय. एका गुणाकारासाठी सगळे इव्हेंट (टक्करी) परत चालवायचे? रिव्हेट ३ पासून रिव्हेट-मर्ज (रन जोडणारी कमांड) फायनलाइझ पुन्हा चालवतं हे मलाही माहीत आहे, पण विश्लेषण त्या पद्धतीने लिहिलेलं असेल तरच. जुनी कितीतरी तशी नाहीत.

तुमच्या किश्श्यात दोष हत्याराचा नाही, कुणी फाईल उघडून बघितली नाही याचा आहे. योडा प्रत्येक स्केलिंगला 'स्केल्डबाय' नोंद अपडेट करतं. साधी टेक्स्ट फाईल, ग्रेप करून तो शब्द शोधला असता तर मिनिटात कळलं असतं.

शेवटचा_बिन
नाही कळत! स्केल्डबायमध्ये एकच आकडा असतो, आत्तापर्यंतच्या सगळ्या गुणकांचा गुणाकार. फायनलाइझचा गुणकही त्यातच मिसळलेला. त्या एका आकड्यातून कुणी कितीदा गुणलं हे वेगळं काढून दाखवा.

ऑक_प्रेमी
टेक्स्टच आहे ना? मग ऑकने (टेक्स्टवर काम करणाऱ्या कमांडने) कॉलम गुणा. एका ओळीचं काम. त्यासाठी पायथनचं पॅकेज आणि त्याची आवृत्ती सांभाळत बसण्यात मला कधीच अर्थ वाटला नाही.

वजनदार
ऑक_प्रेमी, हे वाचून कुणीतरी खरंच तसं करेल म्हणून लिहितो. योडा १ च्या फाईलमध्ये बिनच्या (हिस्टोग्रामच्या एका कप्प्याच्या) ओळीत दोन कडांनंतर सम-डब्ल्यू (वजनांची बेरीज), सम-डब्ल्यू-स्क्वेअर (वजनांच्या वर्गांची बेरीज), सम-डब्ल्यू-एक्स, सम-डब्ल्यू-एक्स-स्क्वेअर आणि एन्ट्रींची संख्या असते. १००० ने स्केल करायचं तर कडांनंतरचा पहिला आकडा हजारपट, दुसरा दहा लाख पट, तिसरा-चौथा हजारपट, आणि एन्ट्रींना हात लावायचा नाही. तुम्ही फक्त सम-डब्ल्यू गुणलात तर सापेक्ष त्रुटी हजारपट कमी होते, म्हणजे आलेखावरच्या एरर बार दिसेनाशा होतात. टोटल, अंडरफ्लो आणि ओव्हरफ्लोच्या (कडांबाहेर पडलेल्या नोंदींच्या) ओळी वेगळ्याच. निगेटिव्ह वजनांच्या एनएलओ (वरच्या ऑर्डरच्या) सॅम्पलमध्ये सगळी भिस्त सम-डब्ल्यू-स्क्वेअरवर असते, तिथे असला खेळ नको.

ऑक_प्रेमी
कॉलम चार असोत की पाच, ऑकला फरक पडत नाही. दुसऱ्याला वर्गाने गुणेन. टेक्स्ट फाईल माझ्या हातात आहे हा मुद्दा आहे.

मूळ_फाईल
आणि योडा २ ने फॉरमॅट बदलला तेव्हा? बिनच्या कडा आता वेगळ्या ओळीत गेल्या, कॉलम सरकले. तुमची स्क्रिप्ट तिसरा कॉलम म्हणून मुकाट भलतंच काही गुणेल.

हेच मी कायम सांगतो, टेक्स्टचा हट्ट सोडा. रूटमध्ये आवृत्ती ६ पासून स्केल करताना सम-डब्ल्यू-टू (तीच वर्गांची बेरीज) आपोआप सांभाळलं जातं. एचअॅड या रूटच्या कमांडने शेकडो फाईली जोडल्या जातात. आख्ख्या एलएचसीचं (सर्नच्या कण-टक्कर यंत्राचं) काम त्यावर चालतं, मग मूठभर थिअरीवाल्यांसाठी वेगळा फॉरमॅट कशाला?

कमांडवाली
मूठभर? मोजमाप छापून झाल्यावर ते हेपडेटावर (मोजमापांच्या सार्वजनिक संग्रहावर) जातं आणि तिथून योडात उतरवून जगभर वापरलं जातं. टेक्स्ट उद्या कुठलंही सॉफ्टवेअर नसताना वाचता येईल. एचबुकच्या (रूटआधीच्या फॉरमॅटच्या) फाईली आज उघडायला एच-टू-रूट शोधावं लागतं, तेव्हा तोही 'सगळ्यांचाच' फॉरमॅट होता.

मूळ_फाईल
एचबुकशी तुलना? अपरूट ही पायथनची लायब्ररी आल्यापासून रूट इन्स्टॉल न करताही रूट फाईल पायथनमध्ये वाचता येते. माहिती जुनी असेल तर उपदेश करू नका.

कमांडवाली
भाषा सांभाळा. आणि एचअॅडचं कौतुक करताय तर पूर्ण सांगा. युनिट एरियाला (क्षेत्रफळ १) नॉर्मलाइझ केलेले चार हिस्टोग्राम त्याला दिले तर क्षेत्रफळ ४ येतं, कारण ते सरळ बेरीज करतं. माझ्याकडे एक विद्यार्थी तसाच आलेख घेऊन आला आणि म्हणाला, "एचअॅडने केलंय, म्हणजे बरोबरच असणार."

मूळ_फाईल
नॉर्मलाइझ करून मग जोडायचं हा क्रमच चुकीचा. एचअॅडने काय करावं? मनातलं ओळखावं?

वजनदार
क्रम चुकीचा हे खरं, पण म्हणूनच योडामर्ज स्केल्डबाय बघून आधी गुणक काढून टाकतं आणि मग जोडतं. सारख्याच प्रक्रियेचे रन जोडायला योडामर्ज, वेगवेगळ्या प्रक्रियांची बेरीज करायला योडास्टॅक. ही दोन वेगळी हत्यारं आहेत हेच अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं. शेवटचा_बिन, तुम्ही ज्या आकड्याला निरुपयोगी म्हणालात तो इथे उपयोगी पडतो. इतिहास कळत नाही, पण उलट फिरता येतं.

शेवटचा_बिन
मान्य, उलट फिरता येतं. पण तो आकडा फाईलमध्ये टिकला तरच. रूट-टू-योडा केलं की मुळातला टीएच-वन (रूटचा हिस्टोग्राम) स्कॅटर, म्हणजे नुसते बिंदू, होऊन बाहेर येऊ शकतो. मग बिंदू आणि त्रुटी उरतात, वजनांच्या बेरजा जातात. मग मर्ज कशाचं करणार? उलट बाजूने योडात बिनांमध्ये मोकळी जागा चालते, टीएच-वनमध्ये चालत नाही. आणि रूट बिनमधली बेरीज जशीच्या तशी दाखवतं, तर योडाचा आलेख बिनच्या रुंदीने भागून येतो. असमान बिन असतील तर दोन्हीकडे शेपटीचा आकारच वेगळा दिसतो. 'रूट हवं असेल तर योडा-टू-रूट' या पाच शब्दांत हे सगळं दडपलंय. माझा राग त्यावर आहे.

कमांडवाली
रूपांतराबद्दल तुमचं बरोबर आहे. मी एका ओळीत उरकलं ते नवख्यांसाठी पुरेसं नव्हतं. स्केलिंगबद्दल मात्र मागे हटणार नाही. माझी प्रत्येक योडास्केल कमांड मेकफाईलमध्ये (कमांड लिहून ठेवायच्या फाईलमध्ये) आहे, गुणक कुठून आला ते वरच्या ओळीत लिहिलेलं आहे, आणि मेकफाईल गिटमध्ये आहे. फायनलाइझमधल्या ओळीपेक्षा ती कुठे कमी पडते?

शेवटचा_बिन
मेकफाईलमध्ये असेल तर नाही पडत कमी. पण सल्ल्यात तुम्ही 'फटका मारा' लिहिलं होतं, मेकफाईल नव्हे. आणि इन-प्लेस?

कमांडवाली
इन-प्लेस मी वापरत नाही. न दिलं तर नावापुढे 'स्केल्ड' लागून वेगळी फाईल होते, मूळ फाईल तशीच राहते. सल्ला दुरुस्त करून टाकते.

ऑक_प्रेमी
योडा २ च्या फाईलचा एक नमुना कुणी इथे चिकटवेल का? कडांची ओळ नेमकी कुठे येते ते बघायचंय. स्क्रिप्ट बदलावी लागणार.

मूळ_फाईल
बघा, मी म्हटलं नव्हतं?