बी विंग ग्रुप, लातूर : चेहरा कुणाचा?

कुलकर्णी काकू (304): नमस्कार. नाव घेत नाही. पण आपल्याच विंगमधल्या एका लेकरानं माझ्या सहावीतल्या पोराला मोठ्यांचं अकाउंट उघडून दिलंय. जन्मसाल टाकलं 1990. अ‍ॅपनं वय तपासायला चेहरा मागितला तर तोही दुसऱ्याचाच दाखवला!

शिंदे सर: सगळ्या अ‍ॅपला आधार लिंक करा. विषय संपला.

मुळे: टँकर किती वाजता?

जाधव: मिरजेहून पाण्याची रेल्वे मागवलीय 😂

अ‍ॅड. जोशी: सर, डिस्कॉर्ड या चॅटिंगच्या अ‍ॅपनं वय तपासायला घेतलेली ओळखपत्रं 2025 मध्ये ठेकेदाराकडून फुटली. जवळपास 70,000 जणांची.

शिंदे सर: ज्याला लपवायचंय त्यालाच भीती. आधार लिंक करा.

जोशी: पार्किंगच्या यादीत सगळ्यांचे नंबर तुम्हीच फिरवले होते ना? कर्जवाल्यांचे फोन अजून येतात.

अध्यक्ष: वैयक्तिक नको 🙏

प्रतीक: ब्रिटननं जुलै 2025 पासून अश्लील साइटवर वयतपासणी सक्तीची केली. लगेच व्हीपीएनचे, म्हणजे आपण कुठल्या देशात आहोत ते लपवणारे अ‍ॅप डाउनलोडमध्ये वर! ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून 16 च्या आतल्यांना सोशल मीडियावर अकाउंट बंद. दंड कंपनीला, 4.95 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. लेकरांना, आईबापाला काही नाही.

काकू: हे बरंय. आपल्याकडं?

प्रतीक: 2023 च्या डेटा कायद्यात 18 च्या आतल्यांसाठी पालकांची संमती पडताळून घ्यायची आहे. नियम नोव्हेंबर 2025 ला आले, पण ही अट लागू व्हायला पुढं 18 महिने.

जाधव: तोवर पोरगं आठवीत.

मुळे: टँकर??

काकू: फोन काढून घ्यावा तर ट्यूशनच्या नोट्स, टेस्ट, सगळं त्यावरच. सांगा, काय करू?

शिंदे सर: तेच सांगायलोय मघापासून. आधार लिंक करा.

काकू: सर, आता बोलतेच. तुमच्या बारक्यानं परवा तुमच्या आईंना खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं. "आजी, डावीकडं बघ. आता उजवीकडं. डोळे मिचकाव." आई बिचाऱ्या पदर सारखा करून बसल्या. मी दारातून बघितलं, म्हटलं पेन्शनचा हयातीचा दाखला काढायलाय. कौतुकच केलं की ओ मी त्याचं! तो फोन माझ्याच पोराचा होता.

जाधव: आजी कोणत्या नावानं आहेत? फॉलो करतो 😂

काकू: जाधव, हसू नका. तुमच्याही पोरीचं आहे तिथं.

शिंदे सर: हा मेसेज हटवला गेला

शिंदे वहिनी: काकू, आई विचारायल्यात, पेन्शन या महिन्यात वेळेवर जमा होईल ना म्हणून. त्यांना काय सांगू?