लिटरचे किलो करताना: तेलाची 'घनता' की 'दाटपणा'?

ओवी: एका पाककृतींच्या पुस्तिकेचा अनुवाद करतेय. तेल कुठे मिलीलिटरमध्ये, कुठे ग्रॅममध्ये दिलंय, म्हणून शेवटी तक्ता आहे. मी लिहिलं, "तेलाचे आकारमान घनतेने गुणले की वजन मिळते", म्हणजे ०.९२ धरलं तर १०० मिली तेल ९२ ग्रॅम. तपासणाऱ्या बाईंनी 'घनता' खोडून 'दाटपणा' केलं, स्वयंपाक करणाऱ्याला घनता कळत नाही म्हणे. मला पटत नाहीये. आणि रकान्याच्या डोक्यावर 'आकारमान' लिहू की 'माप'?

पाणकळा: दाटपणा अजिबात नको! तेल पाण्यापेक्षा दाट असतं हे ओततानाच दिसतं, तरी ते पाण्यावर तरंगतं. दाटपणा वाचून कुणी १०० मिलीचे शंभराच्या वर ग्रॅम धरेल, म्हणजे बरोबर उलटं. दाट हे वाहण्याबद्दल आहे, घन हे भरीवपणाबद्दल. पारा बघा, लिटरला साडेतेरा किलो भरतो पण सांडला की पाण्यासारखा पळतो.

मापदंड: +१. दाटपणासाठी विष्यंदिता हा शब्द आहेच की.

शब्दवेल्हाळ: विष्यंदितावर माझा जुना राग आहे. स्यंद म्हणजे वाहणं, पाझरणं, मग जे जास्त वाहतं त्याची विष्यंदिता जास्त हवी ना, पण वापरतात नेमकं उलट. त्यापेक्षा श्यानता बरा, श्यान म्हणजे गोठत आलेलं.

पाणकळा: असं मुळावर जायचं तर तेल हा शब्दच तिळावरून आलाय, मग शेंगदाण्याचं तेल म्हणायचं नाही का? लोक वापरतात तो अर्थ खरा.

शब्दवेल्हाळ: तेलाचा अर्थ पसरला, उलटा नाही झाला. फरक आहे.

काटा: मुळात 'वजन' चुकलंय. वजन हे बल आहे, न्यूटनमध्ये मोजतात. आकारमान गुणिले घनता म्हणजे वस्तुमान.

मापदंड: शाळेत बरोबर, स्वयंपाकघरात नाही. "दोनशे ग्रॅम वस्तुमानाचे तेल घ्या" असं लिहिलं तर पुस्तिका कोण वाचेल? वजन शब्द लोकांच्या तोंडी कधीचा आहे, भौतिकशास्त्राने तो नंतर अडकवून ठेवला. खरं तर घनतासुद्धा लिहायची गरज नाही, "मिलीचा आकडा ०.९२ने गुणा, ग्रॅमवरून मिली काढायचे तर भागा" एवढं पुरे. १ किलो म्हणजे साधारण १०८७ मिली. तेलातेलात ०.९१-०.९२ असा बारीक फरक असतो, गरम तेल फुगतं म्हणून लिटरमागे वजन थोडं कमी भरतं, पण पाककृतीला त्याने काही बिघडत नाही.

शब्दवेल्हाळ: ह्याच वृत्तीने शब्द मरतात. अवघड वाटला की गाळा, मग दहा वर्षांनी म्हणा मराठीत शब्दच नाही. कंसात ओळभर अर्थ द्या पण घनता ठेवा.

पाणकळा: ह्या एका बाबतीत सहमत, घनता काही अवघड नाही. 'घनदाट' म्हणताना कुणी अडतं का?

शब्दवेल्हाळ: आणि तिथेच तर घन आणि दाट जोडीने येतात! म्हणजे त्या बाईंचा घोळ अगदीच निराधार नाही, बोलीत दोन्ही एकच धरतात.

ओवी: रकान्याचं राहिलं...

मापदंड: 'माप'. वजन-माप अशी जोडी आहे, त्यात वजन नाही ते माप. तोलतो ते वजन, भांड्याने घेतो ते माप.

काटा: माप तर कपड्याचंही असतं, चपलेचंही. आकारमानच हवं.

पाणकळा: आमच्याकडे आकारमान म्हणजे नुसता लहानमोठेपणा, "आकारमानाने मोठं घर" वगैरे. घनफळ का नको?

काटा: घनफळ ठोकळ्याचं काढतात, लांबी रुंदी उंची गुणून. द्रवाला घनफळ कानाला कसंतरीच वाटतं.

शब्दवेल्हाळ: द्रवाला 'घन'फळ चालत नाही, मग द्रवाला 'घन'ता कशी चालते? घन ह्या शब्दाचे अर्थ तरी किती, ढग, भरीव, घनमूळातला घन. ह्यावर वेगळा धागा काढतो.

काटा: काढा, पण घनतेतला घन भरीव ह्या अर्थी आणि घनफळातला लांबी-रुंदी-उंचीच्या अर्थी, हे आधीच लिहून ठेवतो.

शब्दवेल्हाळ: दोन्हींचं मूळ एकच, 'हन्'. ठोकून ठोकून घट्ट केलेलं ते घन.