मदत हवी आहे : वाकळेचा गोट सपाट बसेना, त्यात घरात दोन मांजरं

राजारामपुरीकरीण
नमस्कार. लवकर उत्तर मिळालं तर बरं होईल. बहिणीच्या बाळासाठी थंडीची छोटी वाकळ (गोधडी) शिवतेय. बाळंतविड्यात द्यायची आहे आणि बहीण पुढच्या गुरुवारी सासरी चाललीय. आतलं सगळं काम झालं, फक्त गोट, म्हणजे कडेची पट्टी, राहिलाय. तीन बाजू लावून झाल्या, पण वाकळ सपाट बसत नाही. दोनदा उसवून परत लावला, तरी तेच. वर आमची दोन्ही मांजरं सारखी येऊन तिच्यावरच लोळतात. केस चिकटतात, टाके ओढतात. काल तर बुंदीनं कच्च्या टाक्याचा वीतभर दोरा ओढून गिळला. दार लावून घेतलं तर बाहेर ओरडत बसतात. गोट कसा बसवायचा आणि यांना लांब कसं ठेवायचं, एवढंच सांगा. व्हिडिओ भरपूर पाहून झालेत, ते नका पाठवू.

टीप_मारणारी
सपाट बसत नाही म्हणजे नेमकं काय होतंय? कडेला लाटा येतात, की कडा उचलल्या जाऊन मधे खोलगट होते? दोन्हींचं कारण उलट असतं. कडेला लाटा म्हणजे कड ताणली गेली. परातीसारखी खोलगट म्हणजे गोट आखूड पडला. आणि माप किती, भर काय घातली, गोटाला कापड कोणतं, उरेब (तिरकं) कापलंय की सरळ, हातानं शिवताय की मशीनवर? एवढं कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

पन्हाळ्याचा_वारा
मांजरांसाठी संत्र्याची साल ठेवा चारी कोपऱ्यांना. त्या वासाला मांजर फिरकत नाही. आमच्याकडे खात्रीशीर चालतं.

कसबा_बावडा_काकू
अगं बाळ, वाकळंला गोट कशाला लावालीस? कडा आत दुमडायच्या आणि कडंनं धावदोरा घालत आत आत यायचं. मधोमध आलं की संपली. माझ्या सासूबाईंनी शिवल्याली वाकळ अजून हाय घरात, चाळीस वर्सं झाली. तिला कुठं गोट हाय?

टीप_मारणारी
काकू, तुमचं बरोबर आहे, पण ती सगळी साड्यांच्या थरांची आणि हातशिलाईची. यांनी आत वेगळी भर घातली असेल तर कड दुमडून जाड होईल. म्हणून तर विचारतेय. ताई, भर काय आहे?

मनीची_आई
गोट राहू दे बाजूला. बुंदीनं दोरा गिळला त्याला सुई होती का? किती वाजता गिळला? त्यानंतर जेवली का, उलटी झाली का? याचं उत्तर आधी द्या.

राजारामपुरीकरीण
माप 36 बाय 42 इंच. पायमशीन. आत पातळ पॉलिएस्टरची भर, वरखाली आजीच्या दोन नऊवारी साड्या, सुती. मधे खोलगट होते, परातीसारखीच. बुंदी ठीक आहे, सकाळी दूध प्यायली. सुई नव्हती बहुतेक. काकू, गोटाशिवाय नाही चालणार, बाळ पाय झाडतं, कडेतून भर बाहेर येईल. गोटाचं सांगा ना कुणीतरी.

मनीची_आई
"बहुतेक" चालणार नाही ताई. मी 2019 मध्ये माझी मनी अशीच घालवली, म्हणून पोटतिडकीनं लिहितेय. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले असतात. एकदा दोरा जिभेवर गेला की तिला थुंकता येत नाही, तो आतच जातो. पुष्कळदा एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरातून आतड्यात जाणाऱ्या तोंडाशी अडकतं आणि बाकीचा दोरा आतड्यात पुढे सरकतो. मग परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर चुण्या पडतात तसं आतडं गोळा होतं. ताणलेला दोरा आतड्याला आतून चिरत जातो. आमची मनी पहिला दिवस बरी दिसली. दुसऱ्या दिवशी कॉटखाली जाऊन बसली आणि हाक मारली तरी बाहेर येईना. मी म्हटलं रुसली असेल.

तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. कितीही मोह झाला तरी नाही. उद्या सकाळीच डॉक्टरांकडे न्या आणि आत्ता उठून सुया मोजा.

उचगावकर
एवढं घाबरवू नका हो. आमचा बोका लोकर, सुतळी, काय वाट्टेल ते खातो. दोन चमचे एरंडेल पाजा, सकाळी मोकळं.

मनीची_आई
एरंडेल अजिबात नको! आत दोरा अडकलेला असेल तर जुलाबानं आतडं अजून ओढलं जाईल. उलटीही करवायची नाही. तुमच्या बोक्याचं नशीब चांगलं, त्यावर दुसऱ्याच्या मांजराचा जीव ठरवू नका.

उचगावकर
मी अनुभवाचंच सांगितलं. पण एवढं खोलात मला माहीत नव्हतं. एरंडेल मागे घेतो.

शाहूपुरी_सिस्टर
मी नवजात बाळांच्या वॉर्डात 12 वर्षं काम केलंय, म्हणून विचारलं नसताना एक सांगते. पहिलं वर्षभर बाळ झोपलेलं असताना पाळण्यात सैल पांघरूण, उशी, वाकळ काही ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते तोंडावर आलं तर बाळाला बाजूला सारता येत नाही. थंडीला अंगातच जास्तीचा कपडा घालावा. वाकळ जागेपणी खाली अंथरायला छान, त्यावर बाळ पालथं पडायला शिकेल.

आणि मांजराचे केस धुण्याआधी काढा, धुतल्यावर ते विणीत रुतून बसतात. रबरी हातमोजा ओला करून एकाच दिशेनं फिरवा, केसांची वळकटी होऊन हातात येते. मांजरांच्या अंगावर कुठे गोल टक्कल पडलेलं नाही ना, तेही बघा. तो नायटा असेल तर बाळाला लागतो.

कसबा_बावडा_काकू
आमची सहा पोरं वाकळंतच वाढली की. कुणाला काय झालं न्हाई.

शाहूपुरी_सिस्टर
काकू, तुमची वाढली याचा आनंदच आहे. पण ज्यांची गेली त्यांच्या आया मी पाहिल्यात. म्हणून ऐकत नाही मी यात.

पन्हाळ्याचा_वारा
काकू, तुम्ही वाकळा नदीवर धुता का अजून? आमची आई घट बसायच्या आधी सगळं अंथरूण-पांघरूण पंचगंगेवर न्यायची.

कसबा_बावडा_काकू
न्यायचो की. भिजल्याली वाकळ एकटीला पेलत न्हाई. एक टोक जावंनं धरायचं, एक मी, आणि दोघींनी उलट्या अंगानं पिळायचं. पाणी कोपरापातूर याचं. घाटावर जागा धरायला पहाटं जायला लागायचं. आता गुडघं साथ देत न्हाईत. मशीनमधी एक वाकळ घातली की ती नुस्ती गरगरती.

टीप_मारणारी
ताई, परातीसारखी होते म्हणजे गोट आखूड पडतोय. गोटाला कापड कोणतं, हे दुसऱ्यांदा विचारतेय.

राजारामपुरीकरीण
साडीचाच काठ लावलाय. आजीच्या हिरव्या साडीचा. त्यासाठीच तर वाकळ शिवतेय, आजी या आषाढात गेली. इस्त्री करून, ताणून सरळ केला होता. त्यात काय चुकलं?

सुया मोजल्या. पाकिटात सहा होत्या. पाच सापडतायत.

मनीची_आई
सकाळची वाट बघू नका. रात्री बघणारे डॉक्टर आहेत का शोधा. बुंदीला आता खायला घालू नका, भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.

टीप_मारणारी
गोटाचं नंतर बोलू. आधी बुंदी.

राजारामपुरीकरीण
(दुसऱ्या दिवशी दुपारी) रात्री फोन लागले, पण कुणी उपलब्ध नव्हतं. सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच जाऊन बसलो. डॉक्टरांनी जीभ उचलून मुळाशी पाहिलं, दोरा नाही. एक्स-रे काढला, सुई नाही. दोरा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून पोट हातानं चाचपलं आणि सोनोग्राफीही केली. आतडं गोळा झालेलं नाही. दोन-तीन दिवस खाणं, उलटी, शी यांवर लक्ष ठेवायला सांगितलंय. आत्ता ती माझ्या मांडीवर आहे. मनीची आई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी आजही गोटच उसवत बसले असते.

पण सहावी सुई अजून सापडत नाही. सगळं घर झाडलं.

मनीची_आई
बरं वाटलं वाचून. रडू आलं.

टीप_मारणारी
सुई घरात शोधू नका, वाकळेत शोधा. तीनदा गोट लावलाय, दोनदा उसवलाय. टाचताना मोडली किंवा भरीत शिरली असेल. बाळाच्या अंगाखाली जाणारी वस्तू आहे. चुंबक घ्या, फ्रिजचं पातळ नको, जुन्या स्पीकरचं जड गोल असतं ते. वाकळ टेबलावर पसरून बोटभर अंतरानं ओळीओळीनं सावकाश फिरवा. नंतर उलटून खालूनही.

काठाचं सांगते. जुन्या साडीचा काठ घट्ट विणीचा असतो आणि धुऊन धुऊन अंगापेक्षा जास्त आकसलेला असतो. तुम्ही तो ताणून इस्त्रीनं सरळ केला आणि तसाच शिवला. टीप बसली, ताण सुटला, की तो मूळ लांबीवर येतो आणि वाकळेची कड आत ओढतो. पुढे धुतल्यावर अजून ओढेल. कितीही वेळा उसवलात तरी हेच होणार. काठाला गोटाचं काम देऊच नका. गोटाला साधं सुती पॉपलिन घ्या, आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून. कडा सरळ आहेत, उरेबची गरज नाही, अडीच इंची सरळ पट्ट्या. वाकळेचा घेर 156 इंच, वर जोड आणि कोपऱ्यांना धरून 168. चव्वेचाळीस इंची पन्ह्यातून (कापडाच्या रुंदीतून) चार पट्ट्या कापल्या तर जेमतेम पुरतील, म्हणून पाच कापा. अर्धा मीटर आणा. पट्टी दुहेरी घडी करून लावा. माप कडेवर घेऊ नका, वाकळेच्या मधोमध घ्या आणि कड त्या मापात बसवा. कोपऱ्याला पाव इंच आधी थांबा, पट्टी तिरकी वर दुमडा, परत खाली आणा, मग पुढची बाजू.

राजारामपुरीकरीण
मग काठाचं काय करू? तो टाकवणार नाही माझ्यानं.

कसबा_बावडा_काकू
टाकायचा कशाला? मधोमध आडवा लाव. गरम पाण्यात भिजवायचा, न पिळता वाळवायचा, ताणायचा न्हाई. जेवढा हाय तेवढाच ठेवायचा आणि दोन्ही अंगांनी हातानं धावदोरा घालायचा. माझ्या आईच्या लुगड्याचा काठ असाच हाय माझ्या वाकळंत. झोपताना हात तिथंच जातोय.

टीप_मारणारी
काकूंचं बरोबर. हातानंच आणि सैल. मशीन नको त्याला.

संभाजीनगर_कोल्हापूर
मांजरांचं राहिलं. संत्र्याच्या सालीनं ती फक्त जागा बदलतात. त्यांना ऊब आणि तुमच्याजवळ जागा हवी असते. खोक्यात तुमची जुनी, अंगावर वापरलेली ओढणी घालून मशीनच्या शेजारी ठेवा, वाकळेपेक्षा थोडं उंचावर. आमची दोन दिवसांत तिथे रुळली. आणि रीळ, दोऱ्याचे तुकडे झाकणाच्या डब्यात. कापलेला दोरा क्षणभरही खाली टाकायचा नाही.

राजारामपुरीकरीण
(मंगळवारी) सुई सापडली. बाबांच्या जुन्या रेडिओतलं चुंबक घेतलं. वरून तीनदा फिरवलं, काही नाही. उलटून फिरवताना तिसऱ्या कोपऱ्याजवळ हाताला हलकीशी ओढ लागली. मागे नेलं, परत ओढ. टीप उसवून पाहिलं तर भरीत आडवी, अख्खी सुई. नाकात पांढरा दोरा तसाच. मी ती वाटीत ठेवली आणि बराच वेळ खाली बसून राहिले.

बुंदीची शी आज सकाळी झाली, त्यात दोरा होता, सगळा बाहेर. ओढावा लागला नाही. डॉक्टरांना फोटो पाठवला, ते म्हणाले ठीक आहे. ती पोटभर जेवतेय. खोकं आणलंय, त्यात चिकू बसलाय, बुंदी अजून नाही.

काठ काल भिजवला, पंख्याखाली वाळतोय. या हवेत दोन दिवस लागतील. सिस्टर, वाकळ खाली अंथरायलाच सांगेन बहिणीला, तिला तुमचं सगळं वाचून दाखवलं.

कसबा_बावडा_काकू
गोटाला रंग कुठला धरलास?

राजारामपुरीकरीण
हिरवाच, काकू. काठाला अगदी जुळेल असा मिळाला नाही. त्याच्या जवळचा घेतलाय.