कांद्याचा इटालियन आंबटगोड सॉस: व्हिनेगर कोणतं आणि कधी घालायचं?

दांडियाबाजार

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे कांदेनवमी अजून अगदी हौसेने होते. सासूबाईंचा चातुर्मास कडक असतो, एकादशीपासून चार महिने घरात कांदा-लसूण येत नाही. त्यामुळे नवमीला कांदाभजी, थालीपीठ, भरले कांदे असा भरगच्च बेत असतो. यंदा नणंदेच्या मुलाने फर्माईश केली आहे, इटालियन आंबटगोड कांदा कर म्हणून. त्याने तो बंगळुरात चीजबरोबर खाल्ला आणि तेव्हापासून त्याचंच गुणगान चालू आहे. अग्रोदोल्चे म्हणतात म्हणे त्याला. मला तो मनापासून नीट करायचा आहे, नुसता कांद्याचा गोड मुरंबा नको.

शंका अशा आहेत. बऱ्याच कृतींमध्ये वाइन दिली आहे. बडोद्यात ती मिळायची नाही आणि आमच्या स्वयंपाकघरात मला ती नकोही आहे. मग तिच्याऐवजी काय? व्हिनेगरमध्ये तर बाल्सॅमिक, रेड वाइन व्हिनेगर, ॲपल सायडर, साधं पांढरं असे इतके प्रकार दिसतात की ठरवता येईना. कुणी सगळं एकत्र करून उकळा म्हणतं, कुणी कांदा आधी परता म्हणतं. खंडेराव मार्केटात लाल उन्हाळी कांदा आहे, महुव्याचा पांढराही दिसतो. त्यातला कोणता घेऊ? आणि साखरेऐवजी गूळ चालेल का?

बारा-चौदा माणसं जेवायला असतील.

सुरसागर

वाइन नसली तरी काही अडत नाही. मी कांदा, साखर, पांढरं व्हिनेगर आणि थोडं पाणी असं सगळं कुकरला लावते, दोन शिट्ट्या काढते आणि मग झाकण काढून आटवते. अर्ध्या तासात मोकळी. वरून चिली फ्लेक्स घाला, मुलांना आवडतं.

निशिगंध

अगं, वाइनची चिंता सोड. हा पदार्थ व्हिनेगर, साखर आणि कांद्याचा स्वतःचा गोडवा एवढ्यावर उभा असतो. आमची धाकटी पादोव्हाला शिकत होती तेव्हा मी तिच्याकडे राहायला गेले होते. तिच्या घरमालकीणबाई मूळच्या व्हेनिसच्या. त्यांच्या ओट्याशी उभी राहून मी हे शिकले. त्यांचा एकच आग्रह असे आणि आता तो माझाही झाला आहे: कांदा पुरता मऊ झाल्याशिवाय व्हिनेगरच्या बाटलीला हात लावायचा नाही.

त्याला कारण आहे. कांद्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने धरलेल्या असतात. कांदा स्वतःच्या रसात शिजतो तसं ते पेक्टिन सुटत जातं आणि कांदा मऊ पडतो. आंबट पडलं की हे सुटणं फार मंदावतं. चिंच आधी पडली की आमटीतली डाळ दडदडीत राहते ना, तसंच. नंतर कितीही वेळ आचेवर ठेव, तो कांदा दाताखाली कचकचत राहतो.

सुरसागर, कुकरमध्ये कांदा मऊ होईल हे खरं, पण त्याला रंग येत नाही. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. ते उडेपर्यंत कांदा तांबूस होत नाही आणि तांबूस होताना येणारी खमंग चव या सॉसचा अर्धा जीव आहे. बंद कुकरमध्ये पाणी जाणार कुठे? मिरचीही मी घालणार नाही. तिखट आलं की जीभ तिकडेच वळते आणि आंबट-गोडाचा तोल कळेनासा होतो. मुलांना हवं तर पानात वरून घ्यावं.

आता कांदा. इटलीत कालाब्रियातल्या त्रोपेआचा लाल कांदा फार नावाजलेला आहे, २००८ पासून त्याला युरोपचं भौगोलिक मानांकनही आहे. उत्तरेकडे बोरेत्तो गावाच्या नावाचा लहान, चपटा कांदा असतो, तो अख्खाच आंबटगोड करतात. तू आपला लाल उन्हाळी कांदा घे. चिरताना डोळ्यांतून पाणी काढेल, पण तो तिखटपणा शिजताना जातो. शिवाय गंमत बघ, परतताना लाल कांद्याचा रंग मळकट होतो आणि व्हिनेगर पडलं की गुलाबी झाक पुन्हा वर येते. ते बघायला मला अजूनही आवडतं. महुव्याच्या पांढऱ्याचाही सॉस चांगला होतो, फक्त फिका सोनेरी दिसतो.

किलोभर कांद्याचं माप देते. कांदे सोलून उभे चिर, मुळाकडून शेंड्याकडे. फार पातळ नकोत. आडव्या चकत्या शिजताना विरघळून जातात, उभे काप आकार धरून ठेवतात. पातेलं जाड बुडाचं आणि पसरट असावं, स्टीलचं. पितळी वापरणार असशील तर कल्हई शाबूत आहे ना ते बघ. लोखंडी कढई आणि साधं ॲल्युमिनियम मुळीच नको. व्हिनेगरने लोखंड उतरतं, कांदा काळा पडतो आणि धातूची चव येते.

चार टेबलस्पून ऑलिव्ह तेल, कांदा आणि एक चमचा मीठ एकत्र करून झाकण ठेव. आच अगदी मंद. मिठाने पाणी सुटतं आणि त्यातच कांदा शिजतो, वरून पाणी घालायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटांत तो पार लुळा पडेल. मग झाकण काढ आणि आणखी तितकाच वेळ, मधूनमधून हलवत, सोनेरी होऊ दे. या टप्प्यावर घाई नको. आच वाढवलीस तर कडा करपतात आणि आत कच्चेपणा राहतो, मग तो कडूपणा साखरेने झाकला जात नाही. बुडाला लागायला लागलं तर चमचाभर पाणी शिंपडून खरवडून घे. ती खरवड फेकायची नाही, चव तिच्यातच असते.

आता तीन टेबलस्पून साखर. ती विरघळून चकाकी आली की शंभर मिलिलिटर व्हिनेगर. खिडकी उघडी ठेव, पहिली वाफ नाकाला झोंबते. बरोबरच मूठभर बेदाणे, आधी कोमट पाण्यात भिजवून पिळलेले. आठ-दहा मिनिटं उघडं आटू दे. उलथण्याने बुडावर रेघ ओढली आणि ती क्षणभर तशीच राहिली की उतरव. निवला की आणखी दाटतो, म्हणून किंचित ओलसर असतानाच थांबायचं.

गरम असताना चव घेऊन साखर वाढवू नकोस. व्हिनेगरची वाफ नाकात जात असते, त्यामुळे तेव्हा तो हटकून जास्त आंबट वाटतो. पुरता गार झाल्यावर चव घे. आणि शक्य असेल तर आदल्या दिवशीच करून ठेव. व्हेनिसमध्ये तळलेल्या सार्डिन मासळीवर असाच कांदा, बेदाणे आणि चिलगोजे थराथराने घालून ठेवतात, त्याला साओर म्हणतात. जहाजावर मासळी टिकावी म्हणून निघालेली ही रीत. घरमालकीणबाई ती केल्या दिवशी कुणाला हात लावू देत नसत. तिथे जुलैच्या तिसऱ्या रविवारी रेदेन्तोरेचा सण असतो, १५७५ ते १५७७ च्या प्लेगमधून शहर सुटलं त्याच्या आठवणीचा, आणि त्या सणाला हा पदार्थ हवाच. म्हणजे तुमची कांदेनवमी आणि त्यांचा साओर साधारण एकाच मोसमात येतात, याचा मला फार आनंद वाटतो.

महीकाठ

काकूंनी कृती उत्तम दिली आहे. मी फक्त व्हिनेगरबद्दल लिहितो, कारण बहुतेकांचा सॉस तिथेच बिघडतो.

बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असेल तर ते ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं असतं. लोणच्याला, चायनीजला ठीक आहे. इथे व्हिनेगर आटून सॉसची मुख्य चव होणार आहे, आणि सिंथेटिकमध्ये आंबटपणापलीकडे आटवण्यासारखं काहीच नसतं. ‘ब्रूड’ लिहिलेलं घ्या. रेड वाइन व्हिनेगर मिळालं तर छान. त्यातल्या दारूचं आधीच आंबवून व्हिनेगर झालेलं असतं, तेव्हा ती काळजी नको.

बाल्सॅमिकचं सांगतो. मोदेनाचं खरं पारंपरिक बाल्सॅमिक शिजवलेल्या द्राक्षरसाचं असतं आणि लाकडी पिंपांत कमीत कमी १२ वर्षं मुरतं. ते थेंबाथेंबाने वरून घालायचं, आटवणं म्हणजे पैसे आणि सुवास दोन्ही वाया. दुकानात सहसा मिळतं ते वाइन व्हिनेगर आणि द्राक्षरसाचं मिश्रण. ते इथे चालतं, पण मुळातच गोड असल्यामुळे साखर एका चमच्यावर आणा. ‘ग्लेझ’ लिहिलेली बाटली मात्र नको, तिच्यात दाटपणासाठी स्टार्चसारखं काहीतरी घातलेलं असतं.

आणि आपण गुजरातेत राहतो तर नवसारीचा उसाच्या रसाचा सरको का सोडायचा? पारशी मंडळी लग्नाच्या आंबटगोड लोणच्याला तो पिढ्यान्‌पिढ्या वापरत आली आहेत. रंगाने तपकिरी, चवीला खोल, मागे किंचित काकवीची छटा. तो मिळाला तर माझं मत त्यालाच. काही सरके जास्त कडक असतात, तेव्हा आधी पाऊण माप घाला, मग चव बघून उरलेलं.

दांडियाबाजार

काकू, महीकाठ, किती सविस्तर सांगितलंत! नवसारीला आत्येसासूबाई असतात, सरको मागवते. गुळाचं मात्र राहिलं. शिवाय चिलगोज्याचा भाव ऐकून मी दुकानातून परतच फिरले. आणि तमालपत्र घालावं असं एका ठिकाणी लिहिलं आहे, ते घालू का?

निशिगंध

गूळ घातलास तर पदार्थ वाईट होणार नाही, पण वेगळा होईल. गुळाची चव इतकी ठाम असते की कांदा मागे पडतो आणि खाणाऱ्याला चिंचगुळाची आमटी आठवते. साखर स्वतःची ओळख न सांगता कांद्याला पुढे करते. आणि सरको घेणार आहेस तर उसाची खोली त्यातूनच मिळेल, पुन्हा गूळ कशाला?

चिलगोज्याऐवजी चारोळी घे. कोरडी, मंद आचेवर, जेमतेम रंग बदलेपर्यंत भाज आणि वाढताना वरून घाल. आतून सॉसमध्ये ढवळलीस तर रात्रीतून मऊ पडेल. चारोळी खवट नाही ना, हे आधी एक दाणा चावून बघ. पावसाळ्यात ती लवकर खवट होते.

तमालपत्र नको. इटलीतलं पान वेगळ्या झाडाचं, आपलं दालचिनीच्या कुळातलं. आपल्या पानाने सगळ्याला मसालेभाताचा वास लागतो.

सुरसागर

काकू, कुकरचं पटलं. आता उघड्या पातेल्यातच करून बघते. पण चीज नसेल तर कशाबरोबर वाढायचा? आणि टिकतो किती?

निशिगंध

घरचं पनीर पाणी दाबून घट्ट करा, जाड काप करून तव्यावर दोन्ही बाजूंनी लालसर भाजा आणि वर गार सॉस घाला. मला स्वतःला बाजरीच्या गरम भाकरीवर लोण्याबरोबरही आवडतो. जाडसर भाजलेला पाव तर आहेच. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये आठवडाभर चांगला राहतो. कोरडाच चमचा घालायचा. ओट्यावर ठेवू नका, व्हिनेगर असलं तरी हे लोणचं नव्हे.

दांडियाबाजार, चौदा माणसांना दीड किलो कांदा पुरे. आटून जेमतेम तिसरा हिस्सा उरतो, पण हा पानात चमचा-दोन चमचेच घ्यायचा असतो. फक्त सगळा कांदा एका पातेल्यात कोंबू नकोस. दोन पातेल्यांत अर्धा अर्धा परत, म्हणजे नुसता वाफेवर शिजणार नाही, रंग धरेल. व्हिनेगर घालायच्या वेळी एकत्र केलास तरी चालेल.